हात धुवायचं दूध

निमोण्याचे पोपटराव अनुपमाला पहिल्या दिवसापासून पाण्यात बघत होते. त्यांच्या टोमॅटोच्या शेताला लागून दौंडच्या एका बियाणे संशोधन संस्थेने दहा गुंठे भाड्याने घेतले, बारीक जाळीचं शेड उभारलं आणि दारावर 'परवानगीशिवाय प्रवेश नाही' अशी पाटी ठोकली. ज्या बांधावर आयुष्य गेलं तिथे परवानगी मागायची, हे त्यांच्या डोक्यात गेलं ते उतरलंच नाही. येता-जाता ते विचारायचे, "काय मॅडम, तुमची सुई टोचलेली तंबाटी काय म्हणत्यात?"

त्या संस्थेची संशोधक अनुपमा लक्ष द्यायची नाही. शिरूरच्या भाड्याच्या खोलीतून ती साडेआठला स्कूटीवर यायची, शेडमध्ये शिरायची आणि आतून कडी लावायची. तिच्या टोमॅटोत बाहेरचं काही घातलेलं नव्हतं. टोमॅटोचेच दोन जीन बंद केले होते. पानं चितकबरी करणाऱ्या मोझॅक रोगाचा विषाणू झाडात शिरला की स्वतःच्या नकला काढायला ह्याच जीनमधून बनणारी झाडाची प्रथिनं वापरतो. ती मिळाली नाहीत की तो नुसता पडून राहतो. हे तिने एकदा पोपटरावांना समजावून बघितलं होतं. "म्हंजी झाडाचं हातपाय तोडलं," असं म्हणून ते थुंकले आणि निघून गेले. त्यानंतर तिने सांगणं सोडलं. मूर्ख माणूस, असं मनाशी ठरवून ती मोकळी झाली.

झाड रोगाला दाद देत नाही हे दाखवायचं तर आधी त्याला रोग द्यावा लागतो. प्रयोगशाळेत जपलेला विषाणू पानांच्या रसात कालवून गावातल्या धुरपदाच्या मजूर टोळीतल्या पाच बायकांनी तो एकेका झाडाच्या पानांवर बोटांनी चोळला होता. पुढे बांधणी, शेंडे खुडणं, सगळं त्यांच्याच हातांनी. हा रोग हातांनीच पसरतो, म्हणून दाराशी बादली ठेवली होती. साय काढलेल्या दुधाची पावडर पाण्यात कालवायची, बाहेर पडताना त्यात कोपरापर्यंत मिनिटभर हात बुडवायचे, मग साबण लावायचा. नुसत्या साबणाने विषाणू हमखास जात नाही, दुधातल्या प्रथिनांपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. पावडरची पाकिटं अनुपमा आणायची. हात धुतल्याची खूण रोज वहीत धुरपदा करायची, खाली अनुपमा सही करायची. दुपारी त्याच बायका पोपटरावांच्या शेतात बांधणीला जायच्या.

मार्चमध्ये पोपटरावांच्या टोमॅटोची पानं चितकबरी झाली, शेंडे आकसले, फळांवर तपकिरी चट्टे उठले. दोन एकरांतलं एकही कॅरेट शिरूरच्या मार्केटात कुणी उचलेना.

ग्रामपंचायतीत सगळा गाव जमला. झाडं उपटा, एवढंच पोपटरावांचं म्हणणं होतं. अनुपमा उठली आणि वर्गात शिकवावं तशी बोलली. जाळीतल्या झाडांचा वारा लागून रोग होत नसतो. तुम्ही गेल्या वर्षीची सुतळी नि बांबू तसेच वापरता, तंबाखू मळलेल्या हातांनी रोपं लावता, रोग तुमच्या शेतातच असणार. मागून कोणीतरी म्हणालं, आता ही आम्हाला शेती शिकवणार. हशा पिकला, मग शिव्या सुरू झाल्या. अनुपमाचे कान तापले.

"मी पानं तपासायला नेते," ती म्हणाली. "विषाणू आमच्या शेडमधला निघाला, तर सगळी झाडं मी स्वतः उपटीन."

"समद्यांनी ऐकलं न्हवं?" पोपटरावांनी मागे वळून विचारलं.

तिची खात्रीच होती. बारा पानं बर्फाच्या डब्यात घालून ती न्हावऱ्यावरून दौंडला गेली. संस्थेतला विषाणू वर्षानुवर्षं तंबाखूच्या रोपांवर वाढवलेला होता. त्या काळात त्याच्या जनुकीय मजकुरातली तीन अक्षरं बदलली होती आणि बाहेरच्या कुठल्याच नमुन्यात ती तशी सापडली नव्हती. सातव्या दिवशी निकाल आला. पोपटरावांच्या बाराही पानांत ती तीन अक्षरं होती. तिने पुन्हा पानं आणून पुन्हा तपासलं. तेच.

संस्थेचे प्रमुख महेंद्र सर यांनी निकाल दोनदा वाचला. चाचणीची सरकारी परवानगी ह्याच हंगामाची होती. फळं पिकून मोजमाप व्हायला तीन आठवडे हवे होते. आज झाडं उपटली तर अनुपमाची चार वर्षं मातीत. शेवटी ते म्हणाले, "टोमॅटो मोझॅक आढळला, एवढंच लिहा. हे खोटं आहे का?"

"नाही."

"मग झालं. तीन अक्षरं त्यांना कोण सांगायला जातंय?"

परत आल्यावर ती धुरपदाच्या घरी गेली. उंबऱ्याशी धुरपदाचा नातू कपातून दूध पीत होता आणि फळीवर ओळखीची पाकिटं रचलेली होती. अनुपमाला काही विचारावं लागलं नाही. धुरपदाच बोलली. पहिले दोन दिवस त्यांनी दुधात हात बुडवले. मग बादली मातीत ओतताना पाचहीजणींना कसंसंच झालं. तेव्हापासून त्या साबणाने चांगले घासून हात धुवायच्या आणि पाकिटं वाटून घ्यायच्या.

"तोंडचं दूध मातीत कसं वतायचं, ताई? तुम्हाला बोलले आस्ते, पर तुम्ही कवा इचारलंच न्हाई." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "पोपटआप्पाला कळलं तर गावात कुणी कामाला बोलवायचं न्हाई आम्हाला."

अनुपमाला आपल्या सह्या आठवल्या. चार महिन्यांत एकदाही ती बादलीपाशी थांबली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने पंचायतीत सांगितलं की विषाणू आमचाच आहे. सुधारलेल्या झाडामुळे रोग झालेला नाही. झाडाची परीक्षा घ्यायला मी आणलेला विषाणू बाहेर गेला. भरपाईचं संस्थेला लेखी कळवलं आहे. पोपटरावांनी विचारलं, बाहेर आणला कुणी? दाराशी धुरपदा पदर दातात धरून उभी होती.

"हात धुवायची पद्धत मी ठरवली होती आप्पा. त्यावर लक्ष ठेवायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही."

"नाव सांगा."

"माझंच नाव."

पोपटराव तिच्याकडे बघत राहिले. कौतुक नव्हतं त्या नजरेत. "मंग उपटा," ते म्हणाले.

त्यांनी पहिल्यांदाच शेडमध्ये पाय ठेवला. पाचशे झाडं, पानापानावर विषाणू चोळलेला, आणि एकाही पानावर डाग नाही. घड लटकलेले. ते एका ओळीतून चालत गेले, एक फळ तळहातावर तोललं आणि सोडून दिलं.

"आमची मेली, आन् ही हिरवीगार," ते म्हणाले. तिच्या चार वर्षांचा निष्कर्ष एवढाच होता, आणि तो शिवी दिल्यासारखा त्यांच्या तोंडून आला.

ती उपटत गेली. धुरपदा दुसऱ्या टोकाने उपटू लागली. पोपटराव शेवटचं झाड निघेपर्यंत हलले नाहीत. झाडं खड्ड्यात टाकली, वर चुना पडला, माती लोटली गेली. मग अनुपमाने दाराशी बादली ठेवली, स्वतः पावडर कालवली, कोपरापर्यंत हात बुडवले. धुरपदाला बुडवायला लावले, आणि ती बुडवेपर्यंत समोर उभी राहिली. मग बादली पोपटरावांपुढे सरकवली.

"आता काय राह्यलंय माझं?" ते म्हणाले.

"बांधापलीकडची तुमची मिरची. तिलाही हाच रोग लागतो. तुम्ही फळाला हात लावलात."

पोपटरावांनी मिरचीकडे बघितलं, मग बादलीतल्या पांढऱ्या पाण्याकडे. बाह्या सारून त्यांनी हात आत घातले. ती मनगटावरच्या घड्याळात मिनिट मोजत होती. मिनिट झालं तसे त्यांनी हात बाहेर काढले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "सांजच्याला ती दारावरची पाटी काढून न्या."