बिजागरीतलं खोबरेल

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. माझ्यामागे घर म्हणावं असं फारसं काही नाही. एक लाकडी खोली, तिला एक खिडकी, बाहेर पत्र्याच्या आडोशाला चूल आणि एवढ्याशा संसाराच्या राखणीला मी. पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाणारा रस्ता संपून पायवाट लागते, तिथून अर्धा तास चाललात की मी दिसेन. पण तुम्ही कशाला चालताय! सात वर्षं तर वाट चुकलेली गुरंसुद्धा माझ्याकडे फिरकली नव्हती.

मी जन्माने दरवाजा नव्हे. माझ्या फळ्या खाडीत वाळू वाहणाऱ्या एका मचव्याच्या. तो मोडीत निघाला तेव्हा रामू मिस्त्रींनी त्यातलं धड लाकूड निवडून मला घडवलं. रंधा मारताना ते म्हणाले होते, "खारं पाणी प्यायलेलं लाकूड आहे, याला वाळवी शिवायची नाही." ते खरं ठरलं. बिजागऱ्या मात्र त्यांनी कुठल्याशा जुन्याच बसवल्या, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी कुरकुरत आलो. आधी लांबलचक कण्हणं, मग शेवटी जरा वर चढणारा सूर. दुसऱ्या कुठल्या दरवाजाला असा आवाज असेल असं मला वाटत नाही.

माझे मालक नियाजभाई. उमेदीची वर्षं कुवेतमध्ये काढून परतलेले. पनवेलच्या मोहल्ल्यात त्यांचं चांगलं दुमजली घर आहे, पण त्यांच्या बायकोला, ताहिराला, गजबज सोसायची नाही. तिच्यासाठी त्यांनी ही खोली बांधली. शुक्रवारची नमाज आटोपली की दोघं यायची आणि रविवारी परतायची. नियाजभाई खिडकीपाशी पाठमोरे बसून डोंगर बघायचे. ताहिरा बाहेरच्या चुलीवर चहा करून आत यायची, मी कुरकुरायचो आणि ते मागे न बघताच विचारायचे, "आलीस काय?"

"नाय, भूत आलाय," ती म्हणायची.

दर खेपेला तेच, आणि दर खेपेला दोघं हसायची. रामू मिस्त्री एकदा तेलाची बाटली घेऊन आले, तर ताहिराने त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. "त्याला बोलू दे," म्हणाली. आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी.

मग ताहिरा आजारी पडली आणि गेली. त्यानंतर नियाजभाई एकदाच आले, एकटे. त्यांनी मला ढकललं, मी नेहमीसारखा कुरकुरलो. ते खिडकीपर्यंत गेलेच नाहीत. जरा वेळ उंबऱ्यात उभे राहिले, मला ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि खालच्या वाडीतल्या दमयंतीकडे किल्ली देऊन निघून गेले. त्याला सात वर्षं झाली. एकटेपण कसं असतं ते मला विचारा. दरवाजाला कुणी उघडलंच नाही, तर तो नुसती भिंत होतो.

यंदा मार्चमध्ये कुलूप निघालं. करंजाड्याची अनुया नावाची मुलगी ऑफिसातून दहा दिवसांची रजा काढून सिनेमा करायला आली. बरोबर चार-पाच मित्र. खिसा बेताचा, पण उत्साह उतू चाललेला. कॅमेरा सरकवायला दमयंतीची लाकूडफाट्याची हातगाडी आणि जेवणही तिच्याच हातचं. सिनेमाची गोष्ट अशी: एक बाई जंगलातल्या खोलीत एकटी राहते. रोज रात्री तिला वाटतं, कुणीतरी दार उघडतंय. खरंच कुणी आहे की तिच्या मनाचे खेळ, ते बघणाऱ्याला कळत नाही. मला मात्र कळत होतं, कारण माझ्यामागे त्यांच्यातलाच स्वानंद दबा धरून बसून दोरी ओढत असे! रात्रही खोटीच. खिडकीला काळं प्लास्टिक ठोकून भर दुपारी ते रात्र करत.

स्वानंद आवाज टिपणारा. पहिल्या दिवशी त्याने मला सहज हलवलं आणि तो थबकला. "अनुया, हे ऐक! असला आवाज शोधून सापडणार नाही." त्याने बिजागरीशी माईक लावला आणि नऊ दिवस डोळे मिटून माझी कुरकुर ऐकली. बाईचं काम करणारी रेवा माझा आवाज आला की किंचाळायची. अख्ख्या सिनेमात खलनायक मीच! मित्रांनो, मी पार फुशारून गेलो होतो, कबूल करतो.

पण मनात एक काटा होता. पहिल्याच दिवशी फोनच्या स्पीकरवर नियाजभाई अनुयाला म्हणाले होते, "खुशाल करा शूटिंग. दहाव्या दिवशी मी येतो. मग माणसं लावून ती खोली पाडायचीय. उगाच उभी आहे, जीव अडकून राहतो." म्हणजे माझेही दहाच दिवस. मोडण्याचं मला भय नव्हतं, एकदा मचव्यातून मोडून झालंच होतं. एवढंच वाटत होतं की, त्यांनी एकदा मला उघडावं, माझा आवाज ऐकावा, मग काय हवं ते करावं.

दहाव्या दिवशी सकाळी मंडळी ओढ्यावर आंघोळीला गेली होती. दमयंती केरसुणी घेऊन आली. मुलांनी जपून ठेवलेली जळमटं तिने आधी झाडून काढली. मग कमरेची खोबरेलाची बाटली काढली आणि माझ्याशीच बोलू लागली, "सात वर्सांनी भाई येनार, न् तू असा रडत उघडनार? आमाला लाज हाय की नाय?" असं म्हणत तिने एकेका बिजागरीत तीन-तीनदा तेल सोडलं. मला ओरडायचं होतं. पण ज्याने ओरडायचं, तेच ती बंद करत होती.

मंडळी परतली. अनुयाने मला ढकललं. मी लोण्यातून सुरी जावी तसा गप्प उघडलो.

"मावशी, तुम्ही तेल घातलंत?"

"घातला ना! ती पोरगी रोज त्या आवाजाला भिऊन वरडते, मला बघवत नाय."

अनुया कपाळाला हात लावून बसली. शेवटचा प्रसंग तेवढा राहिला होता. जळमटांच्या जागी चुलीतली राख उधळता आली, माझा आवाज कुठून आणणार? शेवटी तसंच करायचं ठरलं. रेवा माझ्याकडे पाठ करून बसली आणि कुरकुरीची वाट बघू लागली. स्वानंदने दोरी ओढली. मी उघडलो, तिला कळलंच नाही. मग मानेला वारा लागला, तिने वळून पाहिलं, तर मी सताड उघडा! ती अशी किंचाळली की झाडावरचे कावळे उडाले. "हाच शेवट!" अनुया म्हणाली आणि तिने दमयंतीला मिठी मारली. सगळे टाळ्या वाजवत होते. मला त्यात गोडी वाटली नाही, कारण दुपार टळत आली होती.

नियाजभाई आले. खूप थकले होते. माझ्यावर हात ठेवून ते डोळे मिटून उभे राहिले. मग त्यांनी ढकललं.

काहीच वाजलं नाही. त्यांनी मला ओढलं, पुन्हा ढकललं.

"याचा आवाज?"

"तेल घातला, भाई," दमयंती कौतुकाने म्हणाली.

ते तिला रागावले नाहीत. उंबऱ्यावर बसले आणि हळूच म्हणाले, "सात वर्षं त्या आवाजाला भिऊन आलो नाही. आज मोठ्या मुश्किलीने मन घट्ट करून आलो होतो."

स्वानंद उठला, त्याने आपले हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवले आणि बटण दाबलं. नियाजभाई डोंगराकडे तोंड करून बसले होते, माझ्याकडे पाठ. त्यांना काय ऐकू येत होतं ते मला ऐकू येत नव्हतं. त्यांचे खांदे तेवढे हलताना दिसले. मग मागे न बघताच ते म्हणाले,

"आलीस काय?"

खोली अजून पाडलेली नाही. "एक पावसाळा जाऊ दे," ते म्हणाले आणि पुन्हा तेल घालू नकोस म्हणून दमयंतीला हात जोडून सांगून गेले. आता दर शुक्रवारी नमाजनंतर ते एकटे येतात. मला एकदा ढकलतात, थांबतात, कुलूप लावतात आणि जातात. मी अजून मुकाच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातलं दार कुरकुरत असेल, तर तेलाची बाटली उचलण्याआधी घरात एकदा विचारा. त्या आवाजावर कुणाचे तरी कान असतील. माझं म्हणाल, तर यंदा पाऊस भरपूर पडो एवढीच इच्छा आहे. मी गंजायची वाट बघतोय.