रिकाम्या यंत्राचा नंबर

आमच्या चष्म्याच्या दुकानात दोन यंत्रं आणि दोन माणसं. डोळ्याचा नंबर मोजायचं यंत्र माझं, काचेचा नंबर मोजायचं अप्पांचं. अप्पा म्हणजे माझे वडील. एकोणचाळीस वर्षं त्याच स्टुलावर. त्यांच्या यंत्राला डोळा लावतो तिथे एक कडी असते. ती बघणाऱ्याच्या नजरेप्रमाणे जुळवून घ्यायची असते. अप्पांनी ती एकदाच जुळवली आणि कुणी फिरवू नये म्हणून वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. एवढा बंदोबस्त त्यांनी माझ्या लग्नातही ठेवला नव्हता.

अप्पांनी आता विश्रांती घ्यावी, असं घरात महिनाभर चाललं होतं. विश्रांती म्हटलं की अप्पा जेवण अर्धं टाकून उठत. घरी बसून करणार काय? आईला भाजी चिरायला शिकवणार. आईलाही ते नको होतं.

त्या दुपारी ग्रंथपाल बाई तिसऱ्यांदा आल्या. “अहो, या चष्म्यातून बसची पाटी दिसते, पण दार बंद झाल्यावर.”

अप्पांनी चष्मा यंत्रावर ठेवून चक्री फिरवली. “मायनस दोन. डॉक्टरांनी लिहिलेलाच नंबर. बाई, हल्ली पाट्याच पुसट रंगवतात.”

बाई बाकावर जाऊन बसल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी आत जाऊन काचा बनवणाऱ्याला फोन लावला.

“दोनच्याच दिल्या होत्या की,” तो जांभई देत म्हणाला. “काकांनी अडीचच्या आहेत म्हणून परत पाठवल्या. पुन्हा दोनच्या दिल्या, पुन्हा परत. शेवटी दीडच्या दिल्या, तर म्हणाले, आता कसं! वर्ष झालं, तुमचं सगळं अर्धा नंबर कमीच पाठवतो. शिव्या तरी थांबल्या.”

मी बाहेर आलो. “अप्पा, काच न ठेवता जरा बघता का?”

“रिकाम्या यंत्रात काय बघायचंय? शून्य असतं.”

“बघा तरी.”

त्यांनी डोळा लावला, रेघा स्वच्छ दिसेपर्यंत चक्री फिरवली. “शून्य,” ते सवयीने म्हणाले. मग मान वर करून आकडा पाहिला. मायनस अर्धा.

गावाचे डोळे आम्ही मोजत होतो. अप्पांचे मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“कडी सरकली असेल,” मी म्हणालो.

“सरकू नये म्हणूनच पट्टी लावलीय, शहाण्या.” त्यांनी नखाने पट्टी सोलायला घेतली. निघता निघेना. मग बाकाकडे वळून म्हणाले, “बाई, पाट्या ठीक आहेत. नवीन काचा देतो. चूक माझी.”

आणि स्टूल सोडून ते माझ्या यंत्रासमोर येऊन बसले. हनुवटी टेकवली, कपाळ पट्ट्याला लावलं. “मोज.”

“हलू नका,” मी म्हणालो.

“आता कुठे हलणार,” अप्पा म्हणाले.