लेनर्डचा पक्षी

आमच्या थॉर्नी स्टेथ गावात एखादी गोष्ट शोधून सापडत नसली, की तिला 'लेनर्डचा पक्षी' म्हणतात. चष्मा कुठे ठेवला आठवत नाही, लेनर्डचा पक्षी. बेकरीतले सॉसेज रोल सकाळीच संपले, लेनर्डचा पक्षी. लेनर्ड ट्विडी माझा नवरा. त्यामुळे ही गंमत मला रोज ऐकायला मिळते, आणि चारचौघांत राहायचं म्हणून रोज हसावंही लागतं.

झालं असं, की गेल्या दोन हिवाळ्यांत त्याला दोन दुर्मीळ पक्षी दिसले आणि दोन्ही वेळा तो किनाऱ्यावर एकटाच होता. तुम्ही एकट्याने चोर पाहिलात तर पोलीस तुमची जबानी घेतात. एकट्याने पक्षी पाहिलात, तर आमचं पक्षीमंडळ तुमच्याकडे बघून घसा खाकरतं. फोटो काढत जा म्हणून मी किती वेळा डोकं फोडलं. "फोटो काढत बसलो तर पक्षी कधी बघू?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

कुठली नोंद खरी आणि कुठली खोटी हे मंडळात बेझिल कॅटरमोल ठरवतो. तोच अध्यक्ष, तोच नोंदप्रमुख, आणि शंका आली तर सल्लाही तो स्वतःचाच घेतो. नाताळच्या आधी तो आमच्याकडे चहाला आला. फ्रूटकेकचे दोन तुकडे नीट संपवले आणि मग म्हणाला, "लेनर्ड, वाईट वाटून घेऊ नकोस. पण आणखी एक असा एकट्याचा पक्षी आला ना, तर समितीला तुझ्या सगळ्याच नोंदींचा विचार करावा लागेल."

"सगळ्या म्हणजे?" मी विचारलं.

"सगळ्या, ग्वेन. अगदी पहिल्यापासूनच्या."

पहिल्यापासूनच्या म्हणजे आमच्या लग्नाच्याही आधीपासूनच्या. दर हिवाळ्यात खाडीच्या तोंडाशी, बोचऱ्या वाऱ्यात उभं राहून मोजलेली बदकं, हंस, तुतवार. मी बाळंत झाले त्या दिवशी चिखलात किती हंस उतरले होते, हेही त्यात आहे. मी त्याला तेव्हा काय काय बोलले, ते मात्र नाही. लेनर्डने जन्मात दुसरं काहीच जमवलं नाही. हे गेलं असतं तर त्याच्यापाशी फक्त मी उरले असते, आणि मी काही दुर्मीळ नाही.

जानेवारीतल्या एका दुपारी तो घरी आला तो बूट न काढताच स्वयंपाकघरात. थर्मासमधला चहा तसाच होता. तेव्हाच मी ओळखलं, याला काहीतरी दिसलंय.

"ग्वेन, पांढऱ्या चोचीचा पाणबुड्या. दगडी बांधाच्या पलीकडे."

"कुणी होतं बरोबर?"

"नाही."

"मग तो नव्हताच. हात धू आणि सूप पी."

"असा कसा नव्हता? चांगला पाव तास बघितला मी."

हा पाणबुड्या राहतो पार उत्तरेच्या बर्फात, आणि आमच्या खाडीत त्याची आजवर एकही नोंद नाही. थोरला पाणबुड्या मात्र अधूनमधून येतो. तो दिसायला थेट तसाच, फक्त चोच राखाडी आणि चोचीच्या वरच्या कडेला काळी रेघ. एवढ्या एका रेघेवर माणसं माणसांशी बोलणं टाकतात.

"या वेळी गप्प राहा," मी सांगितलं. "कुणाला कळणार आहे?"

"दिसला की सांगायचं असतं," तो म्हणाला, आणि भिजलेल्या बोटांनी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर जागा, वेळ आणि पक्षी कुठल्या दिशेला पोहत गेला ते सगळं टाकून मोकळा झाला. पहिलं उत्तर म्युरिएल फिंचमचं. 'चोच पांढरी होती, की चहात काही घातलं होतंस?' त्याखाली हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे.

विश्वास कुणाचाच नव्हता, पण दुसऱ्या दिवशी घरीही कुणाच्याने बसवेना. न जाणो खरा निघाला आणि आपण तेवढे राहिलो तर? उजाडायच्या आत पंचवीस-तीस माणसं टेलिस्कोप रोवून बांधावर हजर. मीही गेले. लेनर्ड एकटा नसावा एवढंच मला वाटत होतं.

सूर्य समुद्रातून नुकता वर आला होता आणि म्युरिएल किंचाळली, "तो बघा, लाल बोयाच्या डावीकडे." सगळी नळकांडी एकदम वळली. लांब पाण्यावर एक मोठा काळपट पक्षी डोलत होता. त्याने मान वर केली आणि चोच हस्तिदंतासारखी पांढरी चमकली. मग काय विचारता. कुणी फोन लावतंय, कुणी म्युरिएलला मिठी मारतंय, आणि व्हॉट्सअॅपवर 'अजून आहे', 'अजून आहे' असा जप सुरू. बेझिल तर डोळे पुसत लेनर्डकडे आला. "लेनर्ड, मला माफ कर. आम्ही तुझ्यावर अन्याय केला."

मला रडू फुटायचंच बाकी होतं. दोन वर्षांची थट्टा एका चोचीने पुसली गेली होती. मी लेनर्डकडे पाहिलं. त्याचा डोळा अजून टेलिस्कोपलाच होता, आणि तो काही बोलत नव्हता. त्याचं ते गप्प बसणं मला चांगलं ठाऊक आहे. मी त्याच्या कोटावरूनच दंडाला कचकचून चिमटा काढला.

"तोंड उघडू नकोस," मी हळूच म्हणाले. "तुला माझी शपथ."

"हा तो नाही," लेनर्ड म्हणाला. नेमका सगळ्यांना ऐकू जाईल असा. "थोरला आहे हा. तिरपं ऊन पडलंय म्हणून चोच पांढरी दिसतेय. जरा ढग येऊ द्या."

म्युरिएलला मारलेली मिठी सुटली.

"अरे, तुझाच पक्षी आहे," बेझिल त्याला समजावू लागला. "तूच शोधलास."

"माझा काल होता. तो गेला असेल."

"मग एवढ्या लोकांना तो दिसतोय, ते काय वेडे आहेत?" बेझिल म्हणाला.

"मी यादीत टाकला, आता काढणार नाही," म्युरिएल म्हणाली आणि टेलिस्कोपची झाकणं लावू लागली. तिचं पाहून बाकीच्यांनीही आवरतं घेतलं. न्याहारीची वेळ झाली होती, आणि ढगाची वाट बघण्यात कुणालाच रस नव्हता.

आम्ही दोघंच उरलो. ढग आला. पक्षी पोहत पोहत बांधाच्या पुष्कळ जवळ आला, आणि चोचीवरची काळी रेघ मला, जिला कोंबडी सोडून दुसरा पक्षी ओळखता येत नाही तिलासुद्धा, स्वच्छ दिसली.

"आता आपण दोघं आहोत," मी म्हटलं. "कळव त्यांना."

"नवरा-बायको म्हणजे एकच साक्षीदार धरतात, ग्वेन," तो म्हणाला आणि थर्मास उघडून अर्धा चहा मला दिला. मला त्याचा इतका राग आला होता की मी तो प्यायलेही नाही.

फेब्रुवारीत समिती बसली. सगळ्या मंडळाला दिसलेला पक्षी ज्याला ओळखता येत नाही त्याची नजर भरवशाची कशी म्हणायची, असं एकमताने ठरलं, आणि लेनर्डच्या पहिल्यापासूनच्या नोंदी रद्द झाल्या. सांगायला बेझिल स्वतः आला. या वेळी मी केक काढला नाही.

वसंतात वार्षिक अहवाल आला. मुखपृष्ठावर तो पक्षी, सोनेरी उन्हात. आत बेझिलने लिहिलं होतं, 'पांढऱ्या चोचीचा पाणबुड्या, खाडीतली पहिली नोंद. शोध म्युरिएल फिंचम यांचा. उपस्थित सर्वांनी पाहिला. एका सदस्याला तो दिसला नाही.'

मी अहवाल लेनर्डच्या ताटाशेजारी आपटला. "वाच. वाच काय लिहिलंय."

त्याने चष्मा लावून सावकाश वाचलं, आणि टोस्टला लोणी लावायला घेतलं.

"शेवटचं बरोबर आहे," तो म्हणाला. "मला नव्हताच दिसला."