मोटर तापलीय

आधी बोर्ड, मग स्विच, मग हात.

बुटांच्या दुकानातल्या बाईने विचारलं, “आज शाळा नाही वाटतं?” आणि मापाची पट्टी हातात तशीच धरून उत्तराची वाट बघत राहिली.

वकिलांचा पाय गुडघ्यापर्यंत प्लॅस्टरमध्ये. राहायला पाचव्या मजल्यावर. दुपारी त्यांची सुनावणी.

आत्याच्या फ्रीजवर वेळापत्रक. गणित निळ्या पेनाने, शास्त्र लाल. झोप हिरव्या पेनाने, कडेला, जागा उरली तेवढ्यात.

डब्यात उकडलेली अंडी. सोललेली नाहीत.

एक मुलगा शाळेच्या फाटकासमोर वाकून बुटाची नाडी बांधतो. सोडतो. बांधतो. सोडतो.

आता हेच ओळीने.

एक मुलगी. तिला घरी फ्यूज म्हणतात, कारण ती पटकन उडते. हे नाव बाबांनी ठेवलेलं. बाबा लिफ्टचे मिस्त्री, त्यांना दुसरं काय सुचणार! नाडी बांधणारा मुलगा तिचा आत्तेभाऊ. त्याला रेडिओ म्हणतात. दोघं एकाच वर्गात, दहावीत. सराव परीक्षा सुरू झाल्यापासून रेडिओ झोपत नाही. बोलतही नाही. विचारलं तर ‘हं’, नाही विचारलं तर तेही नाही. परवा मराठीच्या पेपरात त्याने फक्त समास आखला. पूर्ण वेळ. सरळ, सुंदर समास.

फ्यूजने फाटकासमोर त्याच्या नाडीवर पाय ठेवला.

“आत नको जायला.”

“पेपर?”

“पेपर काय पळून जातोय? आज आपण पळू. एक दिवस. डोकं जरा वाळत घालू.”

तो तिच्या बुटाकडे बघत राहिला. मग नाडी न बांधताच उठला.

बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली, पण पुढे विज्ञानाच्या सरांसारखी मान दिसली म्हणून उतरले. सर नव्हते. बागेत माळी होता. पाइप आपटत म्हणाला, “काय रे, मास्तर वारले का?” बागेतून निघाले. बुटांच्या दुकानात गार हवा होती, ती बाईने घालवली. वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसले तर समोरच्या घड्याळात शाळेचे तास दिसायला लागले: आता बीजगणिताचा पेपर, आता मधली सुट्टी. रेडिओचा गुडघा हलत होता. फ्यूजने त्यावर हात ठेवला, तर तिचाही हात हलायला लागला.

सुट्टी घेणं त्यांना जमत नव्हतं. कुणी शिकवलंच नव्हतं.

“झोप येतेय?”

“हं.”

“मग झोप की इथेच. मी बसते.”

“डोळे मिटले की…” रेडिओ म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याने गिळलं.

तेव्हा तिला लिफ्टची मशीन रूम आठवली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती बाबांबरोबर कामावर जायची, त्यांचे पाने-पक्कड हातात द्यायला. वकिलांच्या इमारतीची लिफ्ट बाबांकडे होती. गच्चीवर खोली, एक छोटी खिडकी, कोपऱ्यात पुठ्ठे. तिथे कोणीही येत नाही. किल्ल्या वॉचमनकडे.

“बाबा मागून येतायत,” ती वॉचमनला म्हणाली.

“या या, छोट्या मिस्त्री!” त्याने जुडगा दिला. “आणि हा कोण, हेल्पर?”

“हं,” रेडिओ म्हणाला.

वर गेले. पुठ्ठा अंथरला. रेडिओ आडवा झाला, दप्तर उशाला. तेवढ्यात खाली कोणीतरी बटण दाबलं.

खट्. मोटर फिरली. दोर सरसरले. पुन्हा खट्.

रेडिओ ताडकन उठून बसला. पुन्हा आडवा झाला. खट्. पुन्हा उठला. त्या इमारतीत माणसं फार वर-खाली करत होती. कोणी पेपर आणायला, कोणी कुत्र्याला घेऊन, कोणी नुसतंच. रेडिओचे डोळे लाल झाले होते आणि तो हसायला लागला होता. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. फ्यूजला त्या हसण्याची भीती वाटली.

“थांब,” ती म्हणाली. “बंदच करते.”

दुसरं कोणी असतं तर त्याने मेन स्विच खाली ओढला असता आणि संपलं असतं. लोक म्हणाले असते, वीज गेली. पण ती मिस्त्रीची मुलगी. मशीनला हात लावण्याचा बाबांचा नियम तिला पाठ: आधी बोर्ड, मग स्विच, मग हात. ती खाली गेली. लिफ्टची केबिन रिकामी आहे हे आत डोकं घालून बघितलं. दार लावलं. वॉचमनच्या केबिनमागून बाबांचा बोर्ड आणला, ‘काम चालू आहे, लिफ्ट वापरू नये’, आणि तो दाराच्या कडीला तारेने बांधला. तारेला दोन पीळ, टोक आत वळवलेलं, म्हणजे कोणाच्या हाताला लागत नाही. दाराशेजारच्या स्विचला चावी लावून फिरवली. मग सगळे जिने चढून वर आली, आणि मेन स्विच खाली ओढला.

शांत झालं.

इतकं शांत की पुठ्ठा करकरलेला ऐकू आला. रेडिओने छताकडे बघितलं. काहीतरी यायची वाट बघितली. काही आलं नाही. मग त्याचं तोंड किंचित उघडलं आणि तो झोपला. सोडून दिलेल्या दोरीसारखा.

फ्यूज अंडं सोलायला घेणार होती. टरफलाचा आवाज होईल म्हणून तिने ते तसंच डब्यात ठेवलं.

*

शहराच्या दुसऱ्या टोकाला बाबा एका लिफ्टच्या खड्ड्यात उभे होते, कोपरापर्यंत ग्रीस. फोन वाजला. कंपनीचे साहेब.

“वकिलांच्या बिल्डिंगमधून त्यांच्या बायकोचा फोन आलाय. तुझा माणूस बोर्ड लावून कुठे उलथलाय, विचारतात.”

“कोणाचा बोर्ड?”

“तुझा.”

“मी इथे आहे साहेब.”

“मग तिथे कोण आहे?”

बाबांनी वॉचमनला फोन केला. वॉचमन म्हणाला, “आहेत की, छोट्या मिस्त्री वर आहेत. तुम्ही मागून येणार होतात ना?”

*

किल्ल्यांचा आवाज. बाबांच्या कमरेला नेहमी असतो तो. आणि धापा. फ्यूज दाराबाहेर येऊन उभी राहिली, दार मागे लोटून.

“माझाच बोर्ड,” बाबा कठड्याला धरून म्हणाले, “आणि मीच जिने चढतोय. बरं दिसतं?”

फ्यूजने दार पाठीने दाबून धरलं.

“केबिन बघितलीस?”

“रिकामी होती.”

“आत डोकं घालून?”

“हो.”

“तारेला पीळ दोन घातलेस. ते बघितलं मी.” एवढं बोलून त्यांचा दम संपला. मग आवाज चढला. “अक्कल गहाण टाकलीस का? खाली वकील कुबड्या आपटतायत! शाळा सोडून इथे काय… आत कोण आहे?”

तिने दार थोडं उघडलं.

बाबांनी आत बघितलं. रेडिओ एका कुशीवर, एक बूट निघालेला, नाडी सुटलेली. बाबा आत गेले. मेन स्विचपाशी जाऊन दांड्यावर हात ठेवला.

“बाबा, तो झोपत नाही हो,” फ्यूज कुजबुजली. “किती दिवस झाले. पेपरात नुसत्या रेघा मारतो. आत्याला सांगितलं, तर म्हणाली टेन्शन सगळ्यांनाच असतं. आत्ता कुठे डोळा लागलाय. मोटर लागली की उठेल.”

“मी लिफ्ट दुरुस्त करायला आलोय.”

“बिघडलीच नाहीये.”

“तेच तर!”

दांड्यावरचा हात तिथेच होता. नोकरीत बाबांनी कधी चालू लिफ्ट बंद ठेवली नव्हती, बंद लिफ्टला चालू म्हटलं नव्हतं. साहेब त्यांना ‘हरिश्चंद्र’ म्हणायचे, आणि ते कौतुक नव्हतं.

फोन थरथरला. बाबा बाहेर आले.

“झाली का चालू?”

बाबांनी फ्यूजकडे बघितलं. फ्यूजने नखं तळहातात रुतवली होती.

“मोटर तापलीय, साहेब,” बाबा म्हणाले. “थंड होऊ द्यावी लागेल.”

“आणि वकील?”

“त्यांचं मी बघतो.”

त्यांनी वकिलांचं असं बघितलं: प्लास्टिकची खुर्ची, मागून बाबा, पुढून वॉचमन, मधे वकील, काळा कोट घालून, प्लॅस्टरचा पाय तोफेसारखा समोर. फ्यूज पुढे चालत पायऱ्या सांगत होती. मागून वकिलांच्या बायको फाइल आणि कुबड्या घेऊन.

“मी पडलो,” वकील म्हणाले, “तर केस मी स्वतः लढणार. आणि जिंकणार.”

“हलू नका हो,” बायको म्हणाल्या. “जिंकायला उरायला तर हवं.”

“मिस्त्री, मोटर तापते म्हणजे काय होतं नेमकं?”

“खूप वर-खाली केलं की होतं, साहेब.”

“आमच्या काळी नव्हत्या तापत.”

“तुमच्या काळी लिफ्टच नव्हती,” बायको म्हणाल्या. “वळा, डावीकडे वळा, भिंत!”

टॅक्सीत बसवल्यावर वकिलांनी काचेतून बोट दाखवलं. “संध्याकाळपर्यंत चालू पाहिजे. नाहीतर नोटीस.” त्यांना त्याच खुर्चीतून वर यावं लागू शकतं, हे बाबांच्या आणि वॉचमनच्या एकदमच लक्षात आलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

वर, मशीन रूमच्या बाहेरच्या पायरीवर, बाप-लेक बसले. बाबा पोटऱ्या चोळत होते.

“उद्या शाळेत काय सांगणार?”

“तुम्ही सांगा, काय सांगू.”

“मला विचारू नकोस. आज माझा कोटा संपला.”

फोन पुन्हा. या वेळी आत्या. ती इस्पितळात नर्स आहे, मागे कोणाचीतरी चाकाची खुर्ची करकरत होती. इतक्या जोरात बोलत होती की फ्यूजलाही ऐकू येत होतं.

“दादा! शाळेतून मेसेज आलाय, तो गैरहजर आहे. फोन उचलत नाही. तुझी आहे का शाळेत? आज गणित होतं, दादा, गणित!”

“माझ्याकडे आहे तो.”

“तुझ्याकडे? करतोय काय?”

“झोपलाय.”

पलीकडे चाकाची खुर्ची लांब गेली. मग आत्याचा आवाज आला, पण तो वेगळाच होता, रात्रपाळीला पेशंटच्या खाटेपाशी वापरतात तसा.

“खरंच झोपलाय?”

“हो.”

“घोरतोय?”

बाबांनी दाराला कान लावला. “थोडंसं.”

“मी रोज पहाटे त्याच्या दाराबाहेर उभी असते, दादा. दिवा चालू असतो. आत जायचं धाडस होत नाही मला.” नाक ओढल्याचा आवाज. “उठवू नकोस. मी येते सुटी टाकून. पण मी आले तरी उठवू नकोस.”

बाबांनी फोन ठेवला. खाली कोणीतरी लिफ्टचं बटण दाबून बघत होतं, पुन्हा पुन्हा, बोर्ड असूनही. फ्यूजने डबा उघडला. बाबांनी एक अंडं उचललं आणि ते फोडायला भिंतीकडे हात नेला. मग थांबले, आणि तळहातात दाबून, हळूहळू, आवाज न करता सोलायला लागले.

रेडिओ हे नावही बाबांचंच. तो तीन वर्षांचा असताना लिफ्टमध्ये प्रत्येक मजला आला की ओरडून सांगायचा, आणि उतरल्यावरही थांबायचा नाही.