रेमेईची साखळी

"साखळी काढ गं मावशी. तिकडे माझी जनावरं उपाशी हंबरतायत," लोरेन्स ट्रॅक्टरवरूनच म्हणाला.

"गाडी गेल्याशिवाय साखळी निघत नसते," रेमेई म्हणाली. "तुझ्या बापालाही मी इथेच थांबवायचे. तो बैल घेऊन मुकाट उभा राहायचा. तुझ्यासारखा तोंड वाजवत नव्हता."

"त्याच्या वेळी गाडी होती."

"आत्ताही येईल. संध्याकाळची आहे."

रस्त्याच्या दोन कडांना दोन जुने लोखंडी खांब, त्यांच्यामध्ये लोंबणारी गंजकी साखळी आणि साखळीमागे काळा एप्रन बांधून, लाल निशाणाची गुंडाळी काखेत धरून उभी असलेली रेमेई. चौकीच्या दारात उभ्या तिच्या नवऱ्याला, फेरियोलला, क्षणभर वाटलं, आपण पुन्हा तिशीत आहोत. मग त्याला आपले गुडघे आठवले.

तेवढ्यात रस्त्याला आडव्या छेदणाऱ्या वाटेच्या वळणावरून तीन सायकली आल्या. चिखलाचे शिंतोडे, घट्ट कपडे, जाड टायरांखाली करकरणारी खडी. तिघांनी हात उंचावून रेमेईला नमस्कार केला आणि ते खाली जिरोना शहराच्या दिशेने निघून गेले.

"ही घे, गेली तुझी गाडी," लोरेन्स म्हणाला.

"ही गाडी? हे रिकामटेकडे लोक लायनीवरून हिंडतात. कंपनीला कळवायला पाहिजे."

लोरेन्सने फेरियोलकडे पाहिलं, फेरियोलने जमिनीकडे. शेवटी लोरेन्सने ट्रॅक्टर वळवला आणि गिरणीच्या लांबच्या वाटेने तो घरी गेला. ऐंशीला टेकलेल्या बाईला ढकलून साखळी काढणाऱ्यांतला तो नव्हता.

गाडी बंद होऊन पन्नास वर्षं होत आली होती. रूळ उखडून नेले, भंगारात गेले. वाटेवर खडी पसरली आणि ओलोतपासून जिरोनापर्यंत जिथे इंजिन धापा टाकायचं, तिथे आता फक्त सायकली आणि चालणारी माणसं. मोटारीला बंदी. कधीकाळी फेरियोल त्या गाडीचा ड्रायव्हर होता आणि रेमेई या फाटकाची राखणदार. लग्नानंतर फाटकाजवळची ही दोन खोल्यांची कौलारू चौकी त्यांना मिळाली आणि कंपनी बुडाल्यावर त्यांनी ती विकत घेतली. "मला इथून फक्त शवपेटीतून न्यायचं," असं रेमेईने तेव्हाच त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. त्यानेही हसत हसत शब्द दिला होता. शब्द द्यायला काय लागतं.

मागच्या हिवाळ्यापासून तिचं डोकं मागे मागे जायला लागलं. आधी तिने नातवंडांची नावं हरवली, मग मुलाचं. मग एक दिवस कोठारातून साखळी काढून तिने ती खांबांना अडकवली. अडकवायची कशी, हे मात्र तिच्या हातांनी विसरायचं नाव घेतलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते असं.

लोरेन्सचं ठीक होतं, तो शेजारी, घरच्यासारखाच. पण त्याच आठवड्यात शाळेची बस अडकली. पोरं आत रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची बाई आली. भली बाई होती, म्हणून तर फेरियोलला जास्त भीती वाटली.

"खांब आम्ही कापून नेऊ, आजोबा," ती म्हणाली. "पण खांब नेल्यावर त्या स्वतःच रस्त्यात उभ्या राहिल्या तर? ओलोतच्या वृद्धाश्रमात जागा आहे. पुढच्या सोमवारी मी पुन्हा येते."

"आणि साखळी वेळेवर निघाली तर?"

"तर मला यायचं कारणच काय?"

त्या संध्याकाळी फेरियोलने स्वतःच साखळीला हात घातला. रेमेईने निशाणाच्या काठीने त्याच्या मनगटावर असा फटका मारला की डोळ्यांत पाणी आलं. "माणसं मरतील," ती ओरडली, आणि तिच्या चेहऱ्यावरची भीती इतकी खरी होती की त्याने हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी त्याला युक्ती सुचली. पूर्वी वळणाआधी तो इंजिनाची शिटी दोनदा द्यायचा, आखूड, लागोपाठ. ती फक्त तिच्यासाठी असायची. बाकी फाटकांना एकच. तो वळणामागे गेला आणि दोन बोटं तोंडात घालून त्याने दोनदा शीळ घातली. परतून पाहतो तो रेमेई निशाण छातीशी धरून वळणाकडे डोळे लावून होती.

"शिटी झाली, गाडी आली नाही," ती म्हणाली. "बोगद्यात काहीतरी झालंय. फेरियोल आहे गाडीवर."

तिला शांत करता करता त्याच्या नाकी नऊ आले. शिटीमागून काहीतरी यायलाच हवं होतं, एवढी अक्कल जन्मभर गाडी हाकलेल्या माणसाला असायला हवी होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

शनिवारी तो लोरेन्सच्या ट्रॅक्टरवर बसून वरच्या स्टेशनात गेला. तिकिटाच्या खिडकीत आता इवेत बसते. दोन्ही दंडांवर गोंदण, सायकली भाड्याने देते.

"कुणासाठी हवी, आजोबा?"

"माझ्यासाठी."

तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "एक बॅटरीवाली आहे. पायडल थोडं मारायचं, बाकी ती बघते. की कमीपणा वाटेल?"

"इंजिनाशिवाय मी इथून कधी निघालोच नाही," फेरियोल म्हणाला. "तीच दे."

उन्हं कलली तसा तो निघाला. वाट उताराची होती. दोन्हीकडे बीच आणि ओक, खाली नदीचा आवाज. प्रत्येक वळण त्याच्या अंगात होतं. परतीला याच चढावर गाडी इतकी सुस्तावायची की पोरं उतरून द्राक्षाचे घोस तोडून पुन्हा डब्यात चढायची. इथे कोळशाची धग, इथे बोगद्यातला गारवा. तो मनापासून खूश झाला होता आणि ते त्याला विचित्र वाटलं.

वळण आलं. त्याने दोनदा शीळ घातली.

रेमेई उभी होती. साखळी ताणलेली, निशाण गुंडाळून खाली धरलेलं, म्हणजे वाट मोकळी. लोरेन्सचा ट्रॅक्टर पलीकडे थांबला होता आणि लोरेन्सने टोपी काढली होती. रेमेईच्या दुसऱ्या हातात फडक्याची पुरचुंडी होती. गाडी फाटकावर थांबत नसे, म्हणून ती त्याचं जेवण असंच उंच धरायची आणि तो वाकून पकडायचा. पुढे त्याने कितीतरी वर्षं बस चालवली, दुपारी बारमध्ये जेवला, पण तसं जेवण पुन्हा कुणी हातात दिलं नाही.

त्याने एका हाताने हँडल धरलं, वाकला आणि पुरचुंडी उचलली. तिची बोटं लागली. ती त्याच्याकडे पाहून हसली, जशी फक्त लग्नाच्या आधी आणि लग्नानंतर थोडे दिवस हसायची. थांबावं असं त्याला फार वाटलं, पण ड्रायव्हर फाटकावर थांबत नाही. मागे साखळी खडखडत खाली आल्याचं त्याने ऐकलं आणि मग ट्रॅक्टर सुरू झाल्याचं.

खालच्या ओसाड फलाटावर बसून त्याने पुरचुंडी सोडली. टोमॅटो चोळलेला पाव, तेल, सॉसेजचा तुकडा. पावाची कडक कड कापून टाकली होती. तो गोंधळला. मग आठवलं, गाडीच्या शेवटच्या वर्षी त्याची दाढ दुखायची. तो स्वतः ती दाढ कधीच विसरला होता. फेरियोल तिथे एकटा बसून रडला आणि शेवटच्या घासापर्यंत सगळं जेवला.

सायकल ढकलत तो मागच्या वाटेने घरी आला. साखळी एका खांबाला नीट गुंडाळून टांगलेली होती. रेमेई दाराशी बाकावर बसली होती, निशाण मांडीवर.

"रस्ता मोकळा आहे," ती म्हणाली. "जा तुम्ही."

"मी इथेच आलोय."

तिने त्याला निरखून पाहिलं. "दमलेले दिसता. बसा मग. माझा माणूस गाडीवर आहे, जिरोनाला पोचवून येईल. आज त्याने मला पाहिलं बरं का. तो आला की सगळेच जेवू."

"येईल ना तो?"

"न यायला काय झालं? कधी चुकला नाही."

ती थोडी सरकली. फेरियोल तिच्या शेजारी टेकला, आणि दोघं त्याची वाट पाहत बसली.