तीन कप्प्यांचं फूल

ताईने एकदा नाही म्हटलं की नाही, आणि तिच्या धाकट्या भावाला नाही ऐकायची सवयच नव्हती. सुट्टीचा दिवस, वनस्पती संग्रहालयात चिटपाखरू नाही. मग काय व्हायचं राहतंय?

टेबलावर दोन जांभळी फुलं उभी चिरून ठेवली होती. दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीच्या बीजकोशात दोन कप्पे, दुसरीच्या तीन. दोन कप्पेवाली कुठल्याही भिंतीवर उगवते, तिला कोण विचारतो! तीन कप्पेवालीची जगात अडतीसच रोपं उरली होती, सगळी एकाच उतारावर. नेमका तोच उतार भावाला खाणीसाठी हवा होता, आणि तिथे खाणीला बंदी येणार की नाही हे ताईच्या अहवालावर ठरणार होतं.

"दोन्ही एकच जात आहे असं लिही," तो म्हणाला. "मग दुर्मीळ-बिर्मीळ काही राहत नाही."

"माझे डोळे फुटलेत का? दोन आहेत, दोनच लिहीन."

त्याचं डोकं फिरलं. त्याने तिचा उजवा हात लोखंडी कपाटाच्या खणात कोंबला आणि लाथ मारून खण बंद केला. बोटं मोडल्याचा आवाज तिला आधी आला, कळ नंतर. पण ही बाई कसली गप्प बसते! डाव्या हाताने सूक्ष्मदर्शक उचलून तिने त्याच्या कपाळात घातला. रक्त डोळ्यांत उतरलं तसा तो पिसाळला. केस धरून तिचं डोकं टेबलावर आपटलं. तीन कप्पेवालं फूल तिच्या गालाखाली चिरडलं. गुडघा तिच्या पाठीत रोवून त्याने फोन लावला. उतारावर त्याची माणसं बुलडोझर घेऊन ताटकळत होती.

"फिरवा," एवढंच म्हणाला.

वीस मिनिटं त्याने तिला तशीच दाबून धरली. ती किंचाळली, शिव्या घातल्या, शेवटी पाया पडते म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा. फोन वाजला. उतार सपाट झाला होता.

"आता लिही हवं ते," रुमालाने कपाळ दाबत तो खुर्चीत कोसळला. "रोपच नाही, तर बंदी कशाची?"

ताईने अहवालाचा कागद ओढला. डाव्या हाताने, गिचमिड अक्षरात लिहिलं: जाती दोन. पहिलीची स्थिती, सर्वत्र आढळते. दुसरीची, नामशेष. त्याखाली एक रकाना असतो, तो भरायची वेळ तिच्यावर कधीच आली नव्हती. नामशेष होण्याचं कारण. तिथे तिने भावाचं पूर्ण नाव लिहिलं. आडनावापाशी हात जरा अडखळला, कारण ते तिचंही होतं.