पाण्याच्या पेल्याचा जळफळाट

मी एक जुना स्टीलचा पेला आहे. पाणी पिण्याचा, साधा, एका अंगाला पोचा आलेला. मित्रांनो, आपली कहाणी सांगणारे बहुतेक जण आपण किती गुणी होतो तेवढंच सांगतात. मी मात्र आधीच कबूल करतो की मी फार मत्सरी होतो. माझ्या मत्सराने कुणाचं काही बिघडवलं नाही, कारण पेल्याच्या हातात काय असतं? पण ज्या बाईवर माझा जीव होता, ती माझ्या डोळ्यांदेखत बुडत होती आणि मी भलत्याच गोष्टीवर जळत बसलो होतो.

एका कारखान्यात पत्र्याच्या गोल चकतीतून यंत्राने मला एका दाबात ओढून काढलं. मग घासून, चकाकी देऊन आम्हा सहा भावंडांना एका खोक्यात बसवलं. ज्या घरी आम्ही आलो तिथे एक पेला सहलीत हरवला, दोन शेजारच्या घरी गेले ते तिकडचेच झाले, बाकीचे कुठे गेले ते कुणालाच सांगता येत नाही. उरलो मी एकटा. त्यामुळे घरातल्या बाईने मला आपलाच करून टाकलं.

ही बाई कवळ्या बनवायची. घराच्या मागच्या खोलीत तिचं काम चाले. दाताचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचे ठसे पाठवत. ती त्यांत प्लॅस्टर ओतून साचे करी, स्पिरिटच्या दिव्यावर मेण तापवून हिरड्या घडवी आणि एकेक दात चिमट्याने उचलून मेणात रोवी. खिडकीत कवळ्यांची रांग दिवसभर फिदीफिदी हसत बसलेली असे. "मी लोकांना उसनं हसू देते," असं ती गमतीने म्हणायची. मी तिच्या उजव्या हाताशी असायचो. प्लॅस्टरने पांढरी झालेली तिची बोटं माझ्यावर उमटायची, आणि मला ते दागिन्यासारखं वाटायचं.

मग एका वर्षी ती हळूहळू विझत गेली. रडारड नाही, भांडण नाही. नुसती बसून राहायची. केस विंचरायची नाही. ठशांची पाकिटं न फोडता साठू लागली. मी भरलेलाच असायचो, पाण्यावर धूळ जमायची.

तिचा नवरा घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायचा. अबोल माणूस, पण एक दिवस त्याने रजा टाकली आणि तिला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. परत आल्यावर त्याने हातातला कागद तिला पुन्हा वाचून दाखवला. "रोज सकाळी एक गोळी. गुण यायला काही आठवडे लागतील. आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि गोळ्या चालू असेपर्यंत दारू नाही."

"अहो, मी काय पिणारी आहे?" ती म्हणाली.

"त्यांनी सांगितलं, मी वाचलं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तिची सकाळ माझ्यापासून सुरू होऊ लागली. तळहातावर गोळी, ओठांना मी. पाच-सहा आठवड्यांनी तिने एक पाकीट फोडलं. मग दुसरं. एकदा तर मेण वितळवताना ती गुणगुणली. हे सगळं माझ्यामुळेच झालं अशी माझी पक्की समजूत होती. गोळीचं नावही मला घ्यावंसं वाटेना. एवढीशी ती, आणि तिचं कौतुक घरभर!

पण गोळीवरचा माझा राग म्हणजे काहीच नव्हे असं पुढे घडलं. बाईची धाकटी बहीण बदली होऊन याच गावात आली. मोठ्याने बोलणारी, मोठ्याने हसणारी. येताना तिने दोन काचेचे ग्लास आणले. लांब दांड्याचे, पातळ, उजेडात धरले तर भिंतीवर रंग पाडणारे. सोबत वाइनची बाटली.

"ताई, दर शनिवारी दुपारी आपण दोघीच. भावोजींना प्रवेश नाही!"

बाईने क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता. तिने ग्लास पुढे केला.

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! मला तारेच्या घासणीने खरवडून पालथं टाकायचे, आणि त्या दोघांना मऊ फडक्याने पुसून कपाटात वरच्या फळीवर ठेवायचे. मला मुठीत धरायचे, त्यांना दोन बोटांत. शनिवारी त्यांच्यातून ती घोट घेई आणि हसे. इतकी हसे की डोळ्यांत पाणी येई. माझ्यातून पाणी पिऊन ती कधी अशी हसली होती का? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

जळणारा मी एकटाच नव्हतो. नवरा स्वयंपाकघरात येऊन उगाच डबे उघडी, उगाच बंद करी. एका शनिवारी धाकटी गेल्यावर तो म्हणाला, "माझ्याशी दिवसातून चार वाक्यं बोलतेस. तिच्याबरोबर तीन तास खिदळतेस."

"मग तुम्ही हसवा की," ती म्हणाली.

त्याला बोलायचं होतं गोळ्यांबद्दल आणि त्या कागदाबद्दल. पण तोंडातून निघालं ते हे. एकदा तसं बोलून गेल्यावर खरं सांगायची त्याला लाज वाटू लागली. आता काहीही म्हटलं तरी तो हेव्यातूनच बोलतो असं तिला वाटणार, हे त्याला कळत होतं.

आणि तिने? तिने आपलीच एक युक्ती काढली होती. शनिवारी सकाळी ती गोळी घ्यायचीच नाही. आज पिणार आहे, मग गोळी नको, म्हणजे दोन्हींची गाठ पडणार नाही, असा तिचा हिशोब. पुढे पुढे रविवारीही राहून जाऊ लागली. मग सोमवारपर्यंत तिला गरगरायचं, क्षुल्लक कारणाने संताप यायचा, दुपारी बाथरूमचा नळ सोडून ती रडायची. पुन्हा पाकिटं साठू लागली. मला हे सगळं दिसत होतं. पण मित्रांनो, मला वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. शनिवारी सकाळी तिने मला उचललं नाही, याचं.

असे तीन महिने गेले. एका शनिवारी कपाटातून काढताना तिच्या हातून दोन्ही ग्लास निसटले आणि त्यांचे तुकडे तुकडे झाले. "जाऊ दे गं, नवे आणू," धाकटी म्हणाली, पण त्या दिवशीची मजा गेली ती गेलीच. भरलेली बाटली तशीच मागे राहिली. मी आनंदाने वेडा झालो होतो. पालथा होतो म्हणून, नाहीतर नाचलोच असतो.

मंगळवारी सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. एका आजीबाईंची कवळी संध्याकाळी द्यायची होती. त्या महिनाभर भाताची पेज पिऊन राहिल्या होत्या. मेणात रोवलेले दात वाकडे बसत होते. तिने आधी गोळी घेतली, दोन दिवस चुकल्याची भरपाई म्हणून एकदम दोन. मग थोड्या वेळाने कपाट उघडलं, ग्लास नाहीत हे आठवलं, आणि ती माझ्याकडे वळली.

माझ्यात वाइन ओतली.

मला जे हवं होतं ते असं मिळालं. लालभडक, काठोकाठ. ती मला दोन्ही हातांत धरून मागच्या खोलीत घेऊन गेली. मी फुशारून गेलो होतो. पण ती हसली नाही. एकदाही नाही. औषध प्यावं तशी ती घटाघट प्याली आणि तिने मला पुन्हा भरलं. ज्या हसण्यापायी मी त्या दोन ग्लासांवर जळत होतो, ते हसू त्यांच्यातल्या वाइनचं नव्हतंच. समोर बहीण बसलेली असायची, तिचं ते होतं. हे मला तेव्हा, तिच्या हातात असताना कळलं.

तिच्या पापण्या जड झाल्या. दिव्यावर मेणाची वाटी होती. तिने डोकं टेकवलं, हात घसरला, वाटी कलंडली. तापलेलं मेण तिच्या मनगटावर सांडलं तेव्हा ती दचकून उठली आणि स्टुलासकट खाली कोसळली. मी तिच्याखाली सापडलो. माझ्या अंगातला हा पोचा तेव्हाचा. टेबलाची कड लागून तिच्या भुवईवर मोठी खोक पडली होती. वरती दिव्याशेजारचा कागद पेटला होता.

जेवायला घरी आलेल्या नवऱ्याला जळका वास आला. त्याने ओलं फडकं टाकून आग विझवली, तिला हाका मारल्या. ती धड उत्तर देईना. तसाच तो तिला इस्पितळात घेऊन गेला.

दोन दिवसांनी ती घरी आली. भुवईवर टाके, मनगटाला पट्टी. धाकटी धावतच आली, आणि दारातच नवरा तिच्यावर तुटून पडला. "आणखी एक बाटली आणलीस का? तिच्या गोळ्या चालू आहेत, तुला काही वाटतं?"

"कसल्या गोळ्या?" धाकटी जागच्या जागी थिजली. "भावोजी, मला कुणी काही सांगितलं का?"

बाई म्हणाली, "मीच लपवलं. तू आलीस की मी पूर्वीची ताई व्हायचे गं. तुझी वेणी घालणारी, तुला गणितं शिकवणारी. तुझ्यासमोर मला आजारी व्हायचं नव्हतं."

धाकटी तिच्याजवळ जमिनीवर बसली. "ताई, मी वाइनसाठी येत होते का?"

मग नवरा, खाली बघत, अडखळत म्हणाला, "मलाही बोलायला हवं होतं. मी गोळ्यांचं बोलायचं सोडून तुमच्या हसण्यावर जळत बसलो."

त्या अबोल माणसाच्या तोंडून माझंच पाप बाहेर पडल्यासारखं मला वाटलं.

पुढच्या भेटीत तिने डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगितलं. घरी येऊन ती म्हणाली, "त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, गोळी आणि दारू एकत्र आली की गुंगी वाढते, तोल जातो. दारू मनालाही खालीच ओढते. आणि मधेच गोळी सोडली की गरगरणं आणि चिडचिड हे त्याचंच. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दोन घ्यायच्या नाहीत, विचारायचं. मी पहिल्याच शनिवारी विचारायला हवं होतं." आजीबाईंची कवळी तिने दहा दिवस उशिरा दिली. स्वतः जाऊन माफी मागितली. आजीबाईंनी आधी तोंडभर सुनावलं आणि मग नवे दात दाखवले म्हणे.

बरं व्हायला वेळ लागला. मधे वाईट आठवडेही आले. पण शनिवार मोडले नाहीत. आता धाकटी प्लॅस्टर कालवते, निम्मं सांडते, आणि नवरा दारात उभा राहून दोघींना हसतो.

परवा बाईच्या वाढदिवसाला घरात पाहुणे जमले होते. कुणीतरी आग्रहाने ग्लास पुढे केला, "घ्या हो, एका घोटाने काय होतंय!" ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "नको, माझ्या मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत." ग्लास मागे गेला, आणि गप्पा पुढे चालू राहिल्या. धाकटीने तिला पाणी आणून दिलं, तेही कागदी पेल्यात. मी फळीवरच राहिलो. आणि मित्रांनो, मला त्या कागदी पेल्याचा जरासुद्धा हेवा वाटला नाही.

तुमच्या घरी कुणी अशी गोळी घेत असेल तर ती कुजबुजण्याची गोष्ट समजू नका. त्या माणसाला आग्रह करू नका, त्याच्यावर रुसून बसू नका. जे दिसतं आहे ते वेळेवर, मायेने बोला. आम्हा पेल्यांना तोंड असून बोलता येत नाही. तुम्हाला येतं.